खालच्या पानावरची नावं

वरचं पान

मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला कागदाखाली घेता ना, तसलं. दाबलेल्या भुशाची एक पातळ फळी आणि डोक्याशी पोलादी चिमटा, एवढाच माझा देह. एक कोपरा पाण्याने फुगला आहे आणि चिमट्याला गंज धरला आहे. मित्रांनो, एका प्राथमिक शाळेच्या शिक्षकखोलीत मी खिळ्याला टांगलेला असतो. माझ्यावर आता कोणी कागद लावत नाही. का लावत नाही, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म एका लांबट, धुळीने भरलेल्या कारखान्यात झाला. भुसा आणि डिंक कालवून मला दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबलं गेलं. कडा कापल्या, भोकं पाडली, चिमटा ठोकला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. चिमटा उघडायचा, स्वतःचं बोट आत घालायचं आणि चिमटा सोडायचा, हे त्यांचं दिवसभराचं काम. माझ्या चिमट्यात बोट घातल्यावर त्यांनी हात झटकला.

"हा मेला काही सोडायचा नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि त्यांनी मला चांगल्या मालाच्या ढिगात टाकलं.

ती माझी पहिली शाबासकी. मी ती फार मनावर घेतली.

मला विकत घेतलं सहलबाईंनी. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या तिसरीला शिकवायच्या. पण शाळेची सहल आखायचं काम दरवर्षी फिरून त्यांच्याच गळ्यात पडायचं, म्हणून शिक्षकखोलीत त्यांना हे नाव पडलं आणि मग मुलांनीही ते उचललं. सहल म्हणजे नुसती बस ठरवणं नव्हे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. महिनाभर आधी, सुट्टीच्या दिवशी, त्या मला काखेत मारून एकट्याच ती जागा बघून यायच्या. फाटकापासून नळापर्यंत किती पावलं, ती मुलांच्या पावलांनी मोजायच्या. संडासात जाऊन कड्या आतून लावून बघायच्या, लहान बोटांना उघडतील ना म्हणून. भर बाराला सावली कुठे पडते ते बघून तिथे डबे खायचं ठरवायच्या. आणि सगळं झालं की एक गोष्ट हमखास करायच्या. चारचौघांत, साडी सावरून, उकिडव्या बसायच्या.

एकदा वस्तुसंग्रहालयात काचेच्या टेबलासमोर त्या अशा बसल्या तेव्हा रखवालदार धावत आला.

"बाई, चक्कर आली का? पाणी आणू?"

"चक्कर नाही हो. मी पहिलीतलं मूल झालेय. इथून तुमचे शंख दिसतच नाहीत. टेबलाचे पाय दिसतात नुसते."

रखवालदार इकडेतिकडे बघत स्वतःही खाली बसला. "खरंच की," तो म्हणाला. "अठरा वर्षं झाली मला इथे, कधी लक्षात नाही आलं."

सहलीच्या दिवशी त्या टेबलाला लागून उलटी खोकी मांडलेली होती. प्रत्येक मुलाने वर चढून शंख पाहिले. अशा होत्या सहलबाई. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. पुढे जे येणार आहे ते ऐकून तुम्ही त्यांना वाईट बाई समजाल, आणि मग माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

माझ्यावर पानांचा क्रम ठरलेला असे. वर जाणाऱ्या मुलांची यादी. खाली बसमध्ये कोण कुठे बसणार त्याचा नकाशा. त्याखाली वेळा, मग पालकांचे फोन नंबर, मग मुलांनी भरायचा कागद. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे, 'आज मी काय पाहिलं?' जाताना तीनदा, येताना तीनदा मुलं मोजली जात आणि माझ्यावर खुणा होत. वारा येवो, धूळ येवो, माझ्या चिमट्यातून कधी एक चिटोरा निसटला नाही. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, सभेत म्हणाले होते, "बाईंच्या सहलीत कधी काही घडत नाही. बाई आणि त्यांचं ते पॅड."

मी फुगलो. पाण्याने फुगलो ते फार नंतर.

इथे थांबलो तर ही एका गुणी पॅडची गोष्ट होईल. पण मी पानं मोजताना एक पान गाळलं आहे. चिमटा उचलतो. खाली बघा.

मधलं पान

पाचव्या वर्षी सहल गेली होती पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात. मोठमोठ्या उघड्या टाक्या, मधून सिमेंटची वाट, दोन्ही बाजूंना कठडा. बाईंनी कठड्याची उंची आधी मोजली होती. पण एका जागी दुरुस्तीसाठी कठडा काढला होता, तो आदल्याच आठवड्यात. एक मुलगा रांग सोडून तिकडे पळाला. टाकीत फेस कसा फिरतो ते त्याला जवळून बघायचं होतं. तिथल्या कामगाराने त्याची मागून कॉलर धरली.

घडलं काहीच नाही. सदऱ्याची एक गुंडी तुटली, तीही सापडली. पण परतताना बाईंनी मुलं अकरा वेळा मोजली. माझ्या पाठीवर त्यांचा तळवा इतका घामेजला होता की पुढे कितीतरी दिवस तिथे डाग दिसत होता.

पुढच्या वर्षी सहलीची तयारी सुरू झाली. मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात बसून, बाईंनी सगळ्या पानांच्या खाली एक नवीन कोरं पान सरकवलं. त्यावर दोन नावं लिहिली. पहिलं त्या पळालेल्या मुलाचं. नावापुढे कारण लिहिलं, 'पळतो.' वर मथळा दिला, 'शाळेत थांबणार.'

बाई दाबून लिहायच्या. तरुणपणी कार्यालयात कार्बन घालून एकदम तीन प्रती काढायचं काम केलेला तो हात. वरच्या पानांवरचा जोर खालची पानं झेलायची. सगळ्यात खालच्या पानाखाली कोण असणार? मीच. पेन माझ्या अंगात रुतलं. दुखलं नाही. उलट वाटलं, बाईंनी आपल्याला विश्वासात घेतलं.

त्या वर्षी सहल सुरळीत झाली. फारच सुरळीत. ती दोन मुलं दिवसभर वाचनालयात वाचनालयाच्या बाईंजवळ बसली आणि संध्याकाळी घरी गेली. कोणाचंच काही बिघडलं नाही, असं मला वाटलं.

मग दुसरीच्या बाईंना या पानाचा वास लागला.

"माझ्याकडचा तो एक टाका की तुमच्या खालच्या पानावर," त्या डबा खाताखाता म्हणाल्या. "बडबड बडबड. बसमध्ये डोकं उठवील तुमचं."

"बडबडीसाठी कसं ठेवायचं?"

"अहो, त्याच्या भल्यासाठीच. दमतो बोलून बोलून."

दोघी हसल्या. नाव पडलं. 'फार बोलतो.' त्याखाली एका मुलीचं, 'हळू चालते.' मग एकाचं, 'सारखा लघवीला.' एका वर्षी तर नऊ नावं झाली. सहली इतक्या शिस्तीत होऊ लागल्या की दुसऱ्या शाळांच्या शिक्षिका आमच्याकडे आखणी बघायला येऊ लागल्या. बाई त्यांना वरची पाच पानं उलटून दाखवत आणि नेमक्या तिथे अंगठा ठेवून थांबत.

मित्रांनो, एकदा मला संधी आली होती. शाळेच्या फाटकात जोराचा वारा सुटला. वरची पानं फडफडली आणि ते खालचं पान एका बाजूने निसटू लागलं. बाहेर पालक उभे होते. ते पान उडून एखाद्या आईच्या पायाशी पडलं असतं तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं. मी काय केलं? कारखान्यातल्या बाईंची शाबासकी आठवली आणि मी दात आवळले.

सगळ्यात खालचं पान

या पानावरचं एकच नाव मी सांगणार आहे आणि तेही खरं नाही. बाकीची नावं आधीच नको तिथे कोरली गेली आहेत, ती आणखी कशाला पसरू? या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. पहिलीत असल्यापासून ती एका जागी उभी राहायची नाही. रांगेत पुढे काय चाललंय ते बघायला पुढे, मागे कोण राहिलं ते बघायला मागे. गोल फिरून पुन्हा आपल्या जागी यायची, पण यायची. तिच्या नावापुढे कारण पडलं, 'रांगेत राहत नाही.'

तिची आई कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. पालकांना खरं कारण सांगायचं नाही, असा एक अलिखित नियम तोवर झाला होता. फाटकाशी बाई तिला म्हणाल्या, "ताई, हिला सहलीला नका पाठवू. लांबचा प्रवास आहे, गाडी लागेल हिला."

"लागते का हिला?" आईने विचारलं. "ही कधी गाडीत बसलीच नाही हो. कामाला, बाजाराला, सगळीकडे पायीच."

"चेहऱ्यावरून कळतं ना. अशा चणीच्या मुलांना लागतेच."

"बरं झालं सांगितलंत," आई म्हणाली. "तुम्ही बघता म्हणून. आम्हाला काय कळतंय?" आणि तिने वाकून भिंगरीच्या कपाळावर हात ठेवला, जणू आत्ताच लागली असावी गाडी.

तेव्हापासून भिंगरी सगळ्यांना सांगू लागली, "मला ना, गाडी लागते." आपल्याला काहीतरी खास झालं आहे अशा आवाजात सांगायची.

दुसरीत तेच झालं, तिसरीतही. थांबणाऱ्या मुलांना वाचनालयात उरलेले कागद भरायला देत. 'आज मी काय पाहिलं?' तिसरीच्या वर्षी भिंगरीने तिथे एक बस काढली. दुसऱ्या दिवशी कागद तपासताना बाई म्हणाल्या, "छान काढली आहेस गं," आणि बरोबरची खूण करून तो माझ्या चिमट्यात दिला. तो कागद रात्रंदिवस माझ्यापाशी होता, म्हणून मला दिसलं. बसला चालक नव्हता, समोरची काच नव्हती. दोन तांबडे दिवे होते, मागचा नंबर होता आणि मागच्या काचेतून हलणारे हात होते. तिने खरोखर जे पाहिलं तेच काढलं होतं.

हे मला कळलं. तरी वर्षभराने, तिच्या चौथीच्या सहलीला, बाईंनी तिचं नाव चौथ्यांदा लिहिलं तेव्हा मी ते गपगुमान अंगावर घेतलं. चौथीनंतर मुलं मोठ्या शाळेत जातात. ही तिची शेवटची सहल होती. तेही मला माहीत होतं.

पानं सुटतात

त्या वर्षी जायचं होतं सरकारी रोपवाटिकेत. निरनिराळ्या झाडांची पानं गोळा करायची, पानावर कागद ठेवून वरून मेणाचा खडू आडवा घासायचा आणि शिरांचा ठसा काढायचा, असा कार्यक्रम होता. सकाळी बस फाटकात घरघरत होती. खालच्या पानावर तीन नावं होती. दोन मुलं घरीच राहिली. भिंगरी मात्र पाण्याची बाटली गळ्यात अडकवून व्हरांड्यात हजर.

शिपाईमामा धावत आले. "बाई, हिचं काय करू? वाचनालयाला कुलूप आहे. त्या बाईंनी आज दाढ काढायची म्हणून रजा टाकलीय."

"कार्यालयात बसवा."

"मोठे सर बैठकीला निघालेत. मी बँकेत. कार्यालयालाही कुलूप."

बसच्या खिडकीत कोपर टेकून चालक ऐकत होते. "एक लेकरू तर आहे," ते म्हणाले. "पुढची जागा रिकामी आहे माझ्याजवळ. घ्या की."

आईच्या परवानगीवाचून मूल न्यायचं नाही, हा बाईंचाच नियम. त्यांनी इस्त्रीच्या दुकानात फोन लावला. फोनमधून आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"पण तिला गाडी लागते ना हो, बाई? तुम्हीच म्हणालात."

बाईंनी बसमधल्या त्या पुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढे बसवते. पिशवी देते बरोबर."

अशी भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये चढली. पहिल्या बाकावर खिडकीशी ती, शेजारी बाई, बाईंच्या मांडीवर मी. भिंगरीने प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही हातांनी उघडून हनुवटीखाली धरली आणि ती वाट बघत बसली. बाहेर दुकानं गेली, पूल गेला, शेतं सुरू झाली. तिने मान वळवली नाही.

"काय गं, एवढं काय धरून बसलीस?" चालकांनी विचारलं.

"मला गाडी लागते."

"कधीपासून?"

"पहिलीपासून."

"अरे वा. मग कुठे कुठे गेली होतीस गाडीने?"

"कुठेच नाही," भिंगरी म्हणाली.

चालकांनी आरशातून बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठे बघणार? माझ्या तोंडावर पानं होती.

"बाई," जरा वेळाने भिंगरी हळूच म्हणाली, "अजून नाही लागली. मी नीट बसलेय ना?"

"नीट बसली आहेस," बाई म्हणाल्या.

तासाभराच्या वाटेत ती एकदाही हलली नाही. जी मुलगी एका जागी राहत नाही म्हणून तीन वर्षं मागे ठेवली गेली, ती न आलेल्या ओकारीची वाट बघत पुतळ्यासारखी बसून होती. शेवटी उतरताना तिने पिशवीची घडी घातली. "येताना लागेल," असं स्वतःशीच म्हणत खिशात ठेवली.

रोपवाटिकेत मुलांनी पानं गोळा केली. ठसे काढायला प्रत्येकाने घरून पुठ्ठा आणला होता. भिंगरीजवळ पुठ्ठा असणार कसा? ती थोडीच येणार होती. बाईंनी माझ्यावरची सगळी पानं काढून पिशवीत टाकली आणि मला तिच्या हातात दिलं.

"हे घे. आणि या झाडाखालून हलायचं नाही."

बारा वर्षांत माझ्यावर कागद नाही, असा दिवस उजाडला नव्हता. बाईंनीही मला कधी उघडं पाहिलं नव्हतं.

बाकीच्या मुलांनी पानापुरता खडू घासला, ठसा उमटला, संपलं. भिंगरीचं तसं नव्हतं. तिचा हात सुरू झाला की थांबत नसे. पान झालं, पानाची कड झाली, मग कागदाची उरलेली जागा. हिरवा खडू आडवा धरून ती घासतच राहिली. आणि हिरव्यातून पांढऱ्या रेघा वर येऊ लागल्या. आधी मला वाटलं, शिराच आहेत. मग तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, आणि माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे लाकडाच्या अंगावर येतो तसा.

"बाई," तिने हाक मारली. "तुमच्या पॅडला नावं उगवलीत."

बाई शेजारच्या झाडापाशी मुलं मोजत होत्या. "काय उगवलं?"

"नावं. हे बघा, माझं पण आहे. चार वेळा आहे." ती खूष होती. मग ती पुढचं वाचत गेली. एकावर एक पडलेली, अर्धवट, वाकडी अक्षरं. "हा तर तो बडबड्या. ही आपली हळूबाई. बाई, यात आमची वाचनालयातली मंडळी आहेत."

बाई आल्या. त्यांनी कागद पाहिला. सात वर्षांची खालची पानं त्या एका हिरव्या कागदावर एकदम वर आली होती. कारणांसकट.

भिंगरीचं बोट तिच्या नावापुढे सरकलं. " 'रांगेत राहत नाही,' " तिने वाचलं. पुन्हा वरपासून खालपर्यंत शोधलं. "बाई, 'गाडी लागते' असं कुणाच्याच पुढे नाही."

मित्रांनो, अशा वेळी मोठी माणसं कागद हिसकावून घेतात, किंवा म्हणतात, चल, डबा खा आधी. मी तीच वाट बघत होतो. मला तेच हवं होतं, हे कबूल करतो. बाईंनी मला पुन्हा पानांखाली झाकून टाकावं, एवढंच मला वाटत होतं.

बाईंनी साडी सावरली आणि त्या भिंगरीच्या समोर उकिडव्या बसल्या. जागा बघायला जाताना बसत, तशाच. तिथून काय दिसतं ते त्यांनी पाहिलं.

"तुला गाडी लागत नाही," त्या म्हणाल्या.

"मग मला काय होतं?"

"काही होत नाही तुला. मलाच भीती वाटायची. कुणी पळेल, कुणी हरवेल. म्हणून मी ही नावं लिहिली आणि तुझ्या आईला खोटं सांगितलं."

भिंगरी विचार करू लागली. तिने खिशातली पिशवी काढून पाहिली.

"हरवले असते तर तुम्ही मला शोधलं असतं?"

"हो. सगळीकडे."

"मी वाचनालयात होते तेव्हा कुणीच शोधलं नाही."

हे ती रागाने नाही म्हणाली. जसं आहे तसं म्हणाली. मग तिला एक खार दिसली आणि ती तीन पावलं झाडाबाहेर गेली, थबकली, बाईंकडे पाहून परत आली.

"जा," बाई म्हणाल्या. "जा, बघ."

ती गेली. गोल फिरून परत आली. दिवसभर जात राहिली आणि दर वेळी परत येत राहिली. येताना बसमध्ये तिने खिडकीबाहेर डोळे लावले आणि दिसेल ते मोठ्याने सांगून चालकांचं डोकं उठवलं. ते प्रत्येक वेळी म्हणत, "हो का? दाखव बघू."

परतताना बाईंनी मुलं एकदाच मोजली. मी त्यांच्या मांडीवर उघडाच होतो आणि माझ्यावर दोन थेंब पडले. कोपरा तेव्हा फुगला नाही, दोन थेंबांनी लाकूड फुगत नाही. पण मला तेच कारण वाटतं.

फाटकाशी आई उभी होती, इस्त्रीच्या वाफेने लाल झालेल्या हातांची. तिने आधी लेकीचं तोंड निरखलं. "लागली का गं?"

भिंगरीने घडी घातलेली पिशवी तिच्या हातात ठेवली आणि बाईंकडे पाहिलं. आजूबाजूला दहा-पंधरा पालक होते. दुसरीच्या बाईही होत्या.

"तिला गाडी लागत नाही, ताई," सहलबाई म्हणाल्या. "कधीच लागत नव्हती. ती रांगेत राहत नाही म्हणून मला ती नको होती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

आईने पिशवी उलगडली, आत पाहिलं, पुन्हा घडी घातली.

"गेल्या वर्षी तिचे आजोबा आजारी होते," ती म्हणाली. "माझे वडील. गाडीने तीन तासांची वाट. हिला घेऊन ये म्हणून दोनदा निरोप आला. मी एकटीच गेले. म्हटलं, लेकराला गाडी लागते, बाई म्हणाल्यात." तिने पिशवी मुठीत आवळली. "विचारत होते शेवटपर्यंत, भिंगरी कुठाय म्हणून."

आईने भिंगरीचा हात धरला आणि त्या दोघी पायी निघून गेल्या. भिंगरीने दोनदा मागे वळून पाहिलं. बाई फाटक बंद होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या, मला छातीशी धरून. चिमटा त्यांना टोचत असणार.

कोरं पॅड

तो हिरवा कागद सूचना फलकावर लागला, बाकीच्या मुलांच्या पानांच्या रांगेत. नावांवर आणि कारणांवर बाईंनी पट्ट्या चिकटवल्या होत्या. मुलांना पुन्हा लाजवायचं नव्हतं. मथळा मात्र उघडा ठेवला होता, 'शाळेत थांबणार', आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं. मोठे सर म्हणाले, "बाई, हे कशाला?" बाई म्हणाल्या, "माझ्या सहलीत काही घडत नाही असं तुम्ही म्हणता ना. हे घडलं."

माझ्या अंगावरची नावं त्यांनी तिरप्या उजेडात धरून उतरवून घेतली. तेवीस मुलं. रविवारी त्या त्यांच्या घरी जात आणि मी पिशवीत असे. काही दारं उघडली. काही घरं बदलली होती. तो पळणारा मुलगा आता बाईंहून उंच झाला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मला वाटायचं, ती गुंडी तुटली म्हणून तुम्ही रागावलात." एका घरून निघालो तेव्हा बाई पाऊस न बघताच चालत राहिल्या. कोपरा फुगला तो त्या दिवशी.

पुढच्या वर्षी सहलीला सगळी मुलं गेली. आखणी करताना बाईंनी सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाच्या पावलांनी अंतर मोजलं आणि त्या वर्षीच्या पळणाऱ्याला नकाशा हातात देऊन सगळ्यांच्या पुढे ठेवलं. काम वाढलं. गोंधळ झाला, एकाचा बूट हरवला. सगळी घरी आली. पण भिंगरी तोवर मोठ्या शाळेत गेली होती. तिच्या वाट्याला ती एकच सहल आली आणि तिचे आजोबा तर परत येणारच नव्हते. हे कशाने भरून निघत नाही, आणि मी तुम्हाला तसं सांगणारही नाही.

मी आता खिळ्यावर असतो, उघड्या बाजूने. नवीन शिक्षक आले की बाई त्यांना मला हातात देतात आणि म्हणतात, "बोट फिरवून बघा." ते फिरवतात. काहींना कळतं.

माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी विनवते की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. माझी विनंती वेगळी आहे. परवा शिपाईमामा खरकागद घेऊन आले होते. "घासून देतो बाई, वरचे चरे जातील. नव्यासारखं होईल."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी, ज्याने बारा वर्षं काहीच सुटू दिलं नाही, त्याने 'नको' म्हणायला चिमटा किती ढिला सोडला होता म्हणून सांगू. वाटलं, या दोघांपैकी कोणाला तरी ऐकू जावं.

मित्रांनो, तुमच्या वर्गात सहलीच्या दिवशी कोण कोण दिसत नाही, ते एकदा आठवून बघा. त्याला विचारा, तुला काय होतं. त्याने सांगितलेलं कारण त्याचंच आहे का, तेही विचारा. आणि मला घासू नका. तेवढी एकच गोष्ट मला घट्ट धरून ठेवायची आहे.